अर्ध्या तासाची खिंड

त्याला नाव होतं, पण ते परवान्यावरच राहत असे. एरवी लहानथोर सगळे त्याला अर्धातास म्हणत. बायको बाहेर बोलताना 'आमचे अर्धातास' म्हणायची आणि घरात 'अहो'. दोन्हींतलं कुठलं रागाचं, हे आवाजावरून ओळखावं लागे.

धंद्याने तो वाटाड्या. पायथ्याच्या चौकातून पाहुण्यांना घ्यायचं, खिंडीपर्यंत चढवायचं, तिथून पलीकडचं निळं तळं आणि पाठीला पाठ लावून बसलेले तीन सुळके दाखवायचे, आणि उजेड आहे तोवर सगळ्यांना खाली आणून सोडायचं, हे काम तो चौतीस वर्षं करत होता. छातीवर पितळी बिल्ला, क्रमांक सात. एक ते सहा क्रमांकांचे धनी केव्हाच वरच्या वाटेला लागले होते, आणि आठपासून पुढे बिल्ले प्लास्टिकचे निघाले. म्हणजे पितळेचा हा शेवटचा. रोज सकाळी तो बाहीने बिल्ला पुसून मगच उंबरा ओलांडायचा. बूट पुसायचे राहिले तरी चालत.

आता हे अर्धातास नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

चढावर दमला की माणूस एकच प्रश्न विचारतो: अजून किती? सर्जन असो, न्यायाधीश असो, नाहीतर नवंकोरं लग्न झालेलं जोडपं असो, प्रश्न तोच आणि चेहराही तोच. अर्धातास त्यावर चौतीस वर्षं एकच उत्तर देत आला होता. "आता काय, अर्धा तास." पायथ्याशी विचारा, अर्धा तास. झऱ्यापाशी विचारा, अर्धा तास. खिंड समोर दिसत असताना विचारा, तरी अर्धा तास. तिथे मात्र पाहुणा पाच मिनिटांत पोचायचा आणि स्वतःवर जाम खूश व्हायचा. खरं अंतर साडेतीन तासांचं. तेही चालण्याची सवय असलेल्याला.

ही विद्या त्याला बायकोच्या थोरल्या भावाने दिली. तो बिल्ला क्रमांक तीन. "दाजी," तो म्हणाला होता, "खरं ऐकलं की पाहुणा खाली बसतो. खाली बसला की त्याला गार लागतं. गार लागलं की त्याला घर आठवतं. तुम्ही आपलं अर्धा तास म्हणा. अर्धा तास कुणालाही सोसतो. पण म्हणून मोकळं व्हायचं नाही हं. तो अर्धा तास संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं, त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घ्यायची, आणि संपला की हसतमुखाने दुसरा द्यायचा."

अर्धातासने हे इतकं मनावर घेतलं, की समोर कुणी धापा टाकायला लागलं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. एकदा दवाखान्यात रांगेत एका म्हाताऱ्याने धापा टाकत विचारलं, "किती वेळ लागेल हो?" याने सांगून टाकलं, अर्धा तास. म्हातारा संध्याकाळपर्यंत समाधानाने बसून राहिला.

घरीही फार वेगळं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा बायकोने विचारलं होतं, "मला कधी नेणार वर?" तो म्हणाला, "एवढा हंगाम संपू दे." हंगाम संपला की कडाका सुरू व्हायचा, कडाका संपला की हंगाम. आपल्यालाही अर्धा तासच मिळतोय, हे तिच्या लक्षात यायला बारा-पंधरा वर्षं गेली. पुढे तिला दमा लागला आणि चढाची बात आपोआप मिटली. तिने विषय सोडला, पण एक गोष्ट सोडली नाही. रोज संध्याकाळी तो आला की त्याच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता विचारायची, "आज तळं कसं होतं?" आणि तो सांगायचा. आज करडं होतं, आज निळं होतं, आज एका बाजूने निळं आणि एका बाजूने हिरवं होतं. एवढ्या एका बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पर्यटन कचेरीला जाग आली. जगात सगळीकडे डोंगरावर अंतराच्या पाट्या असतात आणि आपल्याच डोंगरावर नाहीत, हे कुणीतरी बैठकीत बोललं. लगेच एक साहेब नेमले गेले. साहेब आले तेव्हा त्यांच्या बुटांना दुकानाचा वास येत होता.

"किती आहे खिंड?" साहेबांनी पायथ्याशीच विचारलं. अजून दमलेले नव्हते, पण डोंगराकडे बघूनच त्यांना घाम फुटला होता.

"आता काय, अर्धा तास," अर्धातास म्हणाला.

साहेबांनी पाट्यांच्या अर्जावर लिहिलं. अर्ध्या तासाने दोघं पहिल्या वळणावर पोचले. तिथे एक दगडी बाक होता. साहेबांनी बूट काढले. टाचेला फोड आला होता, आणि साहेब त्याच्याकडे असे बघत होते जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा फोड आहे.

"आता किती?"

"अर्धा तास साहेब."

हेही साहेबांनी लिहिलं. पायथ्यापासून अर्धा तास, आणि अर्धा तास चालून आल्यावर पुन्हा अर्धा तास. साहेबांचं गणित एरवी चांगलं असावं, पण त्या घडीला त्यांचं सगळं लक्ष टाचेत होतं. त्यांनी अर्ज मांडीवर पसरला. "हे बघा, अजून पाच ठिकाणं आहेत. तुम्हाला सगळं पाठ आहे ना? मग उगाच कशाला वर जायचं. मी विचारतो, तुम्ही सांगा. झऱ्यापासून?"

इथे खरं सांगता आलं असतं. अर्धातासच्या मनात तसं आलंही. पण साहेबांचा श्वास अजून वर-खाली होत होता, चेहरा लाल झाला होता, आणि 'किती' म्हणताना त्यांच्या डोळ्यांत ती जुनी ओळखीची याचना होती. तोंड आपोआप उघडलं.

"अर्धा तास."

"झाडी संपते तिथून?"

"अर्धा तास."

चौथ्या अर्ध्या तासाला साहेबांचा चेहरा जरा फुलला. आता तो कोमेजवायचा म्हणजे सगळ्या पेशाला काळं फासायचं. शिवाय, अर्धातासने स्वतःची समजूत काढली, हे कागद शेवटी कपाटात जाणार. कचेरीतून कपाटाखेरीज कुठे गेलेला कागद त्याने आजवर पाहिला नव्हता. सातही रकाने भरले. खाली 'वरील माहिती मी दिली असून ती खरी आहे' असं छापलेलं होतं. अर्धातासने बिल्ल्याचा क्रमांक घालून सही केली.

कागद कपाटात गेला नाही. दोन महिन्यांत पाट्या आल्या. हिरव्या, लोखंडी, पावसाने गंजायच्या नाहीत आणि लाथ मारली तरी हलायच्या नाहीत अशा. पायथ्यापासून वरपर्यंत सात खांबांवर सात पाट्या, आणि सातांवर एकच मजकूर: 'खिंड. ३० मिनिटे.' खाली बारीक अक्षरात: 'स्थानिक वाटाड्यांच्या माहितीवरून.' सात पाट्यांवर एकच आकडा कसा, हे कचेरीत कुणालाच खटकलं नाही. उलट एकसारखेपणा दिसतो म्हणून कौतुक झालं. साहेबांना बढती मिळाली.

चौकात काठ्या भाड्याने देणारी एक बाई होती. तिला सगळे काठीवाली म्हणत, आणि तिची जीभ तिच्या काठ्यांपेक्षा टोकदार होती. पाटी लागली त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून पाटीसमोर उभी राहिली.

"वा अर्धातास, वा! लोखंडात कोरून ठेवलंत की! आता अर्ध्या तासासाठी माझी काठी कोण घेणार? आणि तुम्हाला तरी कोण विचारणार?"

"चूक आहे ती. कचेरीला सांगतो, बदलतील."

"कधी?"

"बदलतील," तो म्हणाला. आकडा सांगायचा त्याने मुद्दाम टाळला.

काठीवालीचं खरं निघालं. अर्ध्या तासाच्या वाटेला वाटाड्या कशाला? पाहुणे चौकात उतरत, पाटी वाचत आणि पाण्याची बाटली हलवत निघत. अर्धातास पाटीपाशी जाऊन उभा राहू लागला.

"ताई, ही पाटी चुकलीय. वर जायला साडेतीन तास लागतात."

ताईंनी पाटी वाचली, मग त्याचा बिल्ला वाचला, मग नवऱ्याकडे वळल्या. "बघ ना, इथे वाटाड्यांनीच सांगितलंय अर्धा तास, आणि हे काका म्हणतात साडेतीन."

"अगं, पाटी लागल्यावर यांचा धंदा बसला ना. मग असं काहीतरी सांगायचं, घाबरवायचं. किती घेता हो काका?"

"काही नको मला. मी नुसतं सांगतोय."

"नुसतं कुणी सांगतं का?" नवरा म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने अर्धातासच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला.

चौतीस वर्षं खोटं सांगितलं तर एकाने अविश्वास दाखवला नव्हता. आता खरं सांगत होता तर लोक पाकीट सांभाळत होते.

वर गेलेल्यांचं काय व्हायचं? बहुतेक जण तिसऱ्या पाटीपर्यंत जात. तिसऱ्यांदा 'तीस मिनिटे' वाचलं की त्यांना वाटे आपणच कुठेतरी कमी पडतोय. मग ते परत येत आणि चौकात विचारलं की सांगत, "हो, मस्त होतं वर." अर्ध्या तासाची खिंड आपल्याला झेपली नाही, हे कोण चारचौघांत सांगणार? त्यामुळे कचेरीत एकही तक्रार गेली नाही. अर्धातासने तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर आलं, की पाट्यांबाबत पर्यटक समाधानी आहेत.

बायकोला तो काही बोलला नाही, पण तेल चोळताना तिला कळायचंच. "गुडघे आज गार आहेत," ती म्हणायची. "वर गेला नाहीत?"

"पाहुणे नव्हते."

"मग तळं?"

"तळं असेल की तिथेच."

एके दिवशी अकराच्या सुमाराला एक निवृत्त हेडमास्तर आले. सोबत पत्नी, हातात छत्री, बगलेत वर्तमानपत्र. पत्नी चहाच्या टपरीवर बसल्या. हेडमास्तरांनी घड्याळ लावलं. "तासाभरात परत. जेवायला बरोबर वेळेवर."

अर्धातास आडवा आला. "सर, साडेतीन तास लागतात वर. आणि दुपारनंतर धुकं उतरतं. पाटीवर जाऊ नका."

हेडमास्तरांनी त्याला वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसवल्यासारखं न्याहाळलं. "गृहस्था, चाळीस वर्षं मी मुलांना एकच शिकवलं. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, लिहिलेलं वाचा." आणि छत्रीने पाटीवर टकटक करून ते निघाले.

लिहिलेल्यावर त्यांचा इतका विश्वास, की इतरांसारखे ते तिसऱ्या पाटीवरून परत आले नाहीत.

दोन वाजता त्यांच्या पत्नी पर्स छातीशी धरून अर्धातासजवळ आल्या. "वेळेचे फार पक्के आहेत हो ते. कधी असं करत नाहीत." त्याने पुढचं ऐकलंच नाही. दोर घेतला, काठीवालीने न मागता दिलेली काठी घेतली, आणि चालू लागला.

हेडमास्तर सापडले सहाव्या पाटीपाशी, सैल दगडांचा उतार जिथे सुरू होतो तिथे. घोटा मोडला होता. खांबाला पाठ लावून बसले होते, छत्री उघडी, वर्तमानपत्र सदऱ्याच्या आत ऊब म्हणून कोंबलेलं. ओठ निळे पडले होते. डोक्यावर पाटी: खिंड, तीस मिनिटे. अर्धातासने त्यांना पाठीवर घेतलं, दोराने बांधलं आणि उतरायला लागला. तोवर धुकं आलंच.

थोड्या वेळाने कानाशी आवाज आला. "अजून किती?"

तोंड उघडलं. शब्द जिभेवर तयारच होता. पण तो शब्द आता सात खांबांवर चढून बसला होता, आणि सहाव्या खांबाखाली त्या शब्दाने काय केलं ते पाठीवरच होतं. अर्धातासने दोराची गाठ घट्ट केली.

"तीन तास लागतील सर. जास्तच."

पाठीवरचं ओझं एकदम जड झालं. एक वळण गेलं. मग पुन्हा तोच प्रश्न, आणखी बारीक आवाजात.

"पावणेतीन."

"दुसरा काही आकडा नाही का हो?" हेडमास्तर म्हणाले, आणि त्याच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून रडायला लागले.

रात्री आठाच्या सुमाराला तो चौकात पोचला. हेडमास्तरांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पायाची दोन बोटं गेली, घोटा मात्र जुळला.

पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात हेडमास्तरांचं पत्र आलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पाट्यांवरची माहिती दिशाभूल करणारी असून ती देणाऱ्या वाटाड्यांची चौकशी व्हावी, अशी मागणी होती. शेवटी एक ओळ: 'मला खाली आणणारा इसम बळकट होता, परंतु वाटेत सतत निराशाजनक आकडे सांगून त्याने माझे मनोधैर्य पार खचवले.' काठीवालीने ते चौकात मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिने ते पान काठ्यांभोवती गुंडाळलं.

कचेरीतून बोलावणं आलं. टेबलामागे तेच साहेब, आता मोठ्या खुर्चीत. बूट चांगले मळलेले होते, पण डोंगराने नव्हे.

"बसा. हा अर्ज तुम्हीच भरून दिलात?"

"मी सांगितलं, तुम्ही भरलात."

"सही?"

"माझी."

"मग आता साडेतीन तास कसे? मधल्या काळात डोंगर वाढला का?"

टंकलेखन करणारी बाई हसली. अर्धातासने टोपी हातात घेतली. "साहेब, ते बोलायचं असतं. दमलेल्याला चालवायला. पण अर्धा तास म्हणणारा माणूस सोबत असतो ना. तो संपला की दुसरा देतो, हात देतो, अगदीच झालं तर पाठीवर घेतो. पाटी कुठे सोबत येते? बोलते आणि आपली तिथेच उभी."

साहेबांनी अर्ज उलटून मागची बाजू पाहिली. "छान बोललात," ते म्हणाले. "पण याला रकाना नाही."

मग त्यांनी दोन कागद पुढे सरकवले, अगदी प्रेमाने, जसं हॉटेलात चहा की कॉफी विचारतात. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की दिलेली माहिती बरोबर आहे आणि पर्यटक संथ चालले. त्यावर सही केली की प्रकरण मिटलं, बिल्ला राहिला. दुसऱ्यावर लिहिलं होतं की मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली. त्यावर सही केली की पाट्या दुरुस्त होणार, आणि परवाना रद्द.

"पहिल्यावर करा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमची सोय, आमची सोय. इतकी वर्षं झाली तुमची."

"पहिल्यावर केली तर पाट्या?"

"त्या बरोबरच आहेत ना मग."

अर्धातास खिडकीतून बाहेर बघत बसला. कचेरीच्या खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. त्याला उघड्या छत्रीखाली बसलेले निळ्या ओठांचे हेडमास्तर दिसले. मेहुणा दिसला. "म्हणून मोकळं व्हायचं नाही हं," असं तो म्हणाला होता, आणि याने तर सात वेळा म्हणून सही ठोकून मोकळं होऊन दाखवलं होतं.

त्याने दुसऱ्या कागदावर सही केली. बिल्ला काढायला वेळ लागला. टाचणी कापडात गंजून बसली होती. निघाला तेव्हा कोटाला दोन भोकं राहिली, साप चावल्यासारखी. टंकलेखन करणाऱ्या बाईने बिल्ला पाकिटात घालून पाकिटावर सात लिहिलं.

"पाट्या कधी बदलणार?" त्याने उठताना विचारलं.

"योग्य ती दुरुस्ती तीन आठवड्यांत होईल," साहेब म्हणाले.

आणि झाली, हे मान्य करायला हवं. सरकारी काम सांगितलेल्या मुदतीत झालेलं गावाने पहिल्यांदा पाहिलं. बाराव्या दिवशी चौकात माणसं आली, कुदळी, सिमेंट, लोखंडी नळ्या घेऊन. वरच्या सहा पाट्या उपटून खाली आणल्या गेल्या तेव्हा अर्धातास टपरीवर बसून बघत होता. बिल्ला गेल्याचं दुःख त्याला त्या दिवशी जरा कमी वाटलं. पायथ्याची पाटी तेवढी राहिली होती. ती उद्या काढतील, असं त्याने धरलं.

ती कुणी काढली नाही. एकविसाव्या दिवशी वरची कुदळींची खटखट थांबली. अर्धातास पाटीपर्यंत गेला, आणि मग पायऱ्या दिसल्या म्हणून पुढे गेला. पहिल्या वळणापर्यंत गुळगुळीत पायऱ्या, एका बाजूला धरायला कठडा. वळणावर, जिथे साहेबांनी टाचेचा फोड पाहिला होता, तो दगडी बाक आता नव्हता. तिथे एक चौथरा, त्याला रंगीत कठडा, फोटो काढायला एक मोठी चौकट. वर लोखंडी कमान, आणि कमानीवर हातभर अक्षरं: 'खिंड'. कमानीच्या मागे, जिथून खरी वाट सुरू होते, तिथे काटेरी तार आणि एक छोटी पाटी: 'पुढे रस्ता नाही'.

खाली आल्यावर त्याने कचेरीत फोन लावला. साहेब मोकळेपणाने बोलले. "हे बघा, ती एक पाटी पाच वर्षांच्या हमीवर आहे. पाटी बदलायची तर वरून मंजुरी लागते. खिंड बदलायला लागत नाही. ती कुठल्या यादीतच नाही."

अशी ती पाटी खरी झाली. अर्धातास जे खोटं बोलला म्हणून त्याचा बिल्ला गेला, तेच आता मिनिटाचाही फरक नसलेलं सत्य होतं. त्याने परवाना परत मागायला एक अर्ज केला. अर्जावर शेरा आला, की आता वाट सोपी झाल्यामुळे वाटाड्याची गरज उरलेली नाही.

हंगाम जोरात चालला. इतके पाहुणे कधी आले नव्हते. काठीवालीने काठ्या गुंडाळून ठेवल्या आणि रंगीत टोप्या विकायला काढल्या. अर्धातास घरी बसू लागला. पाण्याच्या नळाचा वायसर बदलला, खिडकीचं बिजागर घट्ट केलं, मग पुन्हा सैल करून पुन्हा घट्ट केलं. बायकोला त्याने सांगितलं होतं ते एवढंच, की कचेरीशी जमलं नाही, बिल्ला दिला. कमानीबद्दल घरात बोलायला त्याची जीभ वळली नव्हती.

एका दुपारी तो झोपून उठला तर बायको घरात नव्हती. शेजारीही नव्हती. पाच वाजता दारात आली ती काठीवालीच्या खांद्याला धरून, डोक्यावर केशरी टोपी, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. आणि चेहरा असा फुललेला, की तसा त्याने लग्नानंतर पाहिला नव्हता.

"अहो," ती भिंतीला टेकत म्हणाली, "जाऊन आले."

"कुठे?"

"खिंडीत! कठडा धरून, बसत-उठत. दोनदा औषध ओढलं, पण गेले."

"मी म्हटलं चला वहिनी, अर्ध्या तासाचं तर आहे," काठीवाली म्हणाली. मग तिने अर्धातासकडे पाहिलं, आपल्या टोप्यांची पिशवी उचलली आणि निघून गेली.

बायको खुर्चीत बसली. त्याने पाणी आणून दिलं. अर्धा पेला पिऊन तिने तोंड पुसलं.

"छान आहे हो. खालची सगळी घरं दिसतात. आपलं छप्परही दिसलं. फोटो काढला एका बाईने." ती थांबली, श्वास घेतला. "पण तळं काही दिसलं नाही. ते सुळके पण नाहीत. मी कठड्याभोवती दोनदा फिरले. म्हटलं, हे रोज सांगायचे, निळं होतं, हिरवं होतं..."

त्याने खिडकीचं बिजागर चाचपलं.

"खरं सांगा," ती म्हणाली. धापा अजून थांबल्या नव्हत्या. चेहरा लाल झाला होता, आणि डोळे त्याच्याकडे लागलेले. "हीच ना खिंड?"

हा चेहरा त्याने चौतीस वर्षं रोज पाहिला होता. नाही म्हणायचं म्हणजे तिला परत खाली बसवायचं. आणि साडेतीन तासांची ती वाट आता तारेपलीकडे होती, आणि तिच्या छातीत तेवढा श्वास नव्हता, पुढच्या हंगामातही नसणार होता. तोंड आपोआप उघडलं.

"हीच."

तिने मान हलवली. समाधानाने हलवली, असं त्याला आधी वाटलं. मग ती त्याच्या गुडघ्यांकडे बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "सकाळी सहाला जायचात, दिवे लागल्यावर यायचात. मी आपली रोज तेल चोळतेय. आणि मला एकदा न्यायला तुम्हाला हंगाम संपेना. अर्ध्या तासाचं अंतर होतं हो."

त्याने हात पुढे केला, तिच्या हातातला पेला घ्यायला. तिने तो स्वतःच खाली ठेवला. मग उठली, भिंत धरत धरत फडताळापर्यंत गेली, तेलाची बाटली काढली, बूच घट्ट बसवलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, ठेवून दिली.